भरती बघून निघणारे नाना

हिराजी नानांना ‘रविवारी सकाळी सातला निघू या’ असं सांगून काही उपयोग नसायचा. ‘रविवारी तिथी कंची?’ असं ते विचारणार, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवणार आणि मग म्हणणार, ‘सातला नको बाय. नवाला निगू.’ का, तर भरती! लोक पंचांगात मुहूर्त बघतात, नाना पंचांगात फक्त खाडीचं पाणी बघायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, एवढं एकच गणित त्यांना येत होतं आणि त्यावर त्यांनी अख्खा जन्म काढला. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. वर ‘नदीत आत पानी चढाला अजून अर्दा तास धर’ ही पुस्ती.

मुलानं एकदा त्यांच्या गुडघ्यासाठी मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली होती, दुपारी बाराची. नानांनी स्वागतकक्षातल्या मुलीला सरळ सांगितलं, ‘आज अमावस्या हाय. बाराला माजी भरती हाय. तुमच्या डॉक्टरना सांगा, अष्टमीला येतो.’ ती मुलगी बिचारी कॉम्प्युटरमध्ये अष्टमी शोधत बसली. मुलगा घरी येऊन आठ दिवस बापाशी बोलला नाही.

नाना कोपरखैरण्याजवळच्या बोनकोड्याचे, मूळ गावठाणातले आगरी. गावची शेती शहराच्या पोटात गेली, राहत्या घराच्या जागी मुलांनी चार मजले चढवले, खाली जिम आणि मोबाइलचं दुकान आलं. नाना दुसऱ्या मजल्यावर राहायचे, म्हणजे जेवायला आणि झोपायला. त्यांचा जीव होता पनवेलच्या पुढे, नदी खाडीला मिळते त्या सपाटीवर. तिथे मामाचं एक शेत होतं. मामाला मूलबाळ नव्हतं, म्हणून ते भाच्याकडे आलं. आजूबाजूची सगळी शेतं कधीच खारी होऊन पडली होती. पिकत होतं ते हे एकच, त्यात लाल दाण्याचं राता भात. ते बी नानांच्या आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं, दर वर्षी त्याच शेतातून पुढच्या वर्षासाठी राखायचं. आणि त्या शेतावर नाना जायचे सायकलनं! बोनकोड्यापासून तिथपर्यंत, आठवड्यातून तीनदा, काळ्या जुन्या सायकलच्या दांडीला फावडं बांधून.

मी त्यांना भेटले ती माझ्या वजनामुळे. माझे वडील साताऱ्याकडचे, बाजारात माथाडी. मी कोपरखैरण्यातच वाढले, ऐरोलीत एका कंपनीत दिवसभर खुर्चीवर बसून काम करते. चाळिशीत डॉक्टरांनी झापलं, म्हणून गिअरची सायकल घेतली आणि पहिल्याच आठवड्यात खाडीकाठच्या रस्त्यावर फोन हातात धरून उभी राहिले. फोन म्हणत होता पुढे रस्ता आहे. पुढे होता चिखल.

‘कुटं चाललीस बाय?’ मागून आवाज आला.

‘कुठं नाही. फिरायला.’

‘फिराला? मग भरती बगून निगालीस का?’

मी म्हटलं, भरतीचा आणि सायकलचा काय संबंध? नाना हसले नाहीत. सायकल स्टँडवर लावली, खाली बसले आणि मातीत काडीनं रेघ मारून मला नदी समजावून सांगितली. मला घाई होती, राग येत होता, पण माणूस इतका मन लावून सांगत होता की उठता येईना. शेवटी म्हणाले, ‘येत्या आयतवारी चल माज्यासंगती. ही गिरवाली सायकल घे नाय तर नको घेऊ, तिकडं चढच नाय.’

गेले. आणि अडकले, कायमची.

काय वाट होती ती! बेलापूरपर्यंत आपले नेहमीचे सर्व्हिस रोड, धूर, कुत्री. पनवेल मागे टाकलं की एका देवळाच्या पाठीमागून पायवाट खाली उतरायची आणि बांधावर चढायची. तेवढा एकच चढ, पुरुषभर उंचीचा. मग पुढे नुसता सपाट मातीचा बांध, नदीच्या कडेकडेनं वळत गेलेला. उजव्या हाताला नदी आणि तिवरांची झाडी, डाव्या हाताला खारी पडून राहिलेली खाजण-शेतं, मिठागराचे मोडके वाफे, पाण्यात एका पायावर उभे बगळे. लांब कुठेतरी टॉवर दिसायचे, पण आवाज यायचा नाही. ‘नदी उजव्या हाताला ठेवाची,’ नाना सांगायचे, ‘आनि चढ लागला की समजाचं वाट चुकली. पानी चढत नाय, मग आपन कशाला चढाचं?’ सायकल ते अगदी हळू चालवायचे. मी पुढे निघून गेले की मागून ओरडायचे, ‘कोन मेलाय का तिकडं?’

बांध म्हणजे काय, हे मला त्यांनी शिकवलं. बाहेर खारं पाणी, आत गोडी जमीन, मध्ये ही मातीची भिंत. तिच्यात एक दार, त्याला उघाडी म्हणतात. त्या दाराला खाचेत बसवलेल्या आडव्या फळ्या. ओहोटीला फळ्या काढायच्या, पावसाचं जादा पाणी नदीत जातं. भरतीच्या आधी बसवायच्या, म्हणजे खारं आत येत नाही. हे एकदा चुकलं की शेत गेलं. ‘एक भरती आत आली ना, तर ती धुवाला तीन पावसाले लागतात,’ असं नाना म्हणायचे. म्हणून तर तो माणूस तिथीला चिकटलेला होता. मला ती गंमत वाटायची.

बांधाच्या मधोमध एक बसकी जागा होती, तिला ‘मोठी खांड’ म्हणायचे. मामाच्या काळी तिथे बांध फुटला होता. अख्ख्या गावानं तो भरून काढला, पण ती जागा दर वर्षी थोडी खचायचीच. मोठ्या भरतीला तिच्यावरून पाणी जायचं. म्हणून गावचा नेम होता, बांधावर जो चढेल त्यानं चिखलाची एक ढेप उचलायची आणि मोठ्या खांडीवर टाकून टाचेनं दाबायची. ‘बांधावर हात रिकामा जावाचा नाय.’ पूर्वी घरटी माणूस जायचा, दिवसाला पन्नास-साठ ढेपा पडायच्या. नंतर शेतं गेली, माणसं बांधावर यायची थांबली. ढेप टाकायला नाना एकटे उरले. ते येताना एक टाकायचे आणि जाताना एक. एका माणसाच्या दोन ढेपांनी बांध काय उभा राहणार? पण ते त्यांना सांगायचं कुणी!

मी ऑफिसातली चार माणसं घेऊन गेले, तेव्हा नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमचा एक टीम लीडर, एरवी स्वतःचा डबा न धुणारा, चिखलाची ढेप छातीशी धरून फोटो काढून घेत होता. नानांना त्या फोटोशी घेणं-देणं नव्हतं. ते नुसते मोजत होते. ‘सहा झाल्या बाय! एका येळेला सहा!’ परत निघताना त्यांनी मला पिशवीभर राता भात दिलं, सालासकट. ‘जपून ठेव,’ म्हणाले.

मी ते गिरणीत भरडून आणलं आणि खाल्लं. चवीला फार छान होतं.

आता जे सांगायचं आहे, त्यात माझी चूक आहे आणि ती मी फिरवून सांगणार नाही. सायकलवाल्यांचं एक ॲप असतं, त्यावर आपण गेलेली वाट टाकता येते. मी नानांना विचारलं, टाकू का? अजून माणसं येतील, अजून ढेपा पडतील. नानांनी आधी काडीनं फावड्याचा चिखल काढला. मग म्हणाले, ‘टाक. पन तिथी लिव.’

त्या ॲपवर तिथीला जागाच नव्हती. ‘सुरुवातीची वेळ’ अशी एक चौकट होती आणि तिच्यात घड्याळातले आकडे सोडून दुसरं काही जात नव्हतं. खाली वर्णनात लिहिता आलं असतं. नाही असं नाही. पण ‘पंचांग बघून या’ असं लिहिलं तर लोक हसतील, ऑफिसातले आधी हसतील, असं मला वाटलं. मी लिहिलं, ‘सकाळी सात. संपूर्ण सपाट नदीकाठ. नवशिक्यांनाही जमेल. बांधावर एक ढेप नक्की टाका.’ नानांना सांगितलं, टाकलं. त्यांनी विचारलं, ‘तिथी?’ मी म्हटलं, ‘हो हो.’

आणि माणसं आली. खारघरहून आली, वाशीहून आली, एका रविवारी तर तेवीस जण. नाना उघाडीपाशी उभे राहून प्रत्येकाला रामराम करायचे. मोठी खांड वीतभर वर आली. त्या पावसाळ्यात भात कंबरेला लागलं होतं. ‘मामा असता ना,’ एवढंच म्हणून ते थांबायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण दोन महिने मी त्यांना गुडघ्याबद्दल बोलताना ऐकलं नाही.

कोजागिरीचा दिवस रविवारी आला. वर्षातल्या खूप मोठ्या भरत्यांतल्या काही त्या दिवसांत येतात. नाना पहाटेच गेले होते, मी नऊला पोचले, त्यांच्यासाठी भाकरी घेऊन. भात निसवून पिवळं पडायला लागलं होतं, आठ-दहा दिवसांत कापणीला आलं असतं. आम्ही उघाडीपाशी बसलो. साडेनऊच्या सुमारास आठ-नऊ सायकली आमच्या समोरून पुढे गेल्या. नाना उठून ओरडले, ‘आज नको! माघारी फिरा, आज पुनव हाय!’ सायकलवाल्यांनी हात हलवून ‘हाय’ केलं आणि गेले. कानात गाण्यांचे बोळे घातलेले होते सगळ्यांनी.

सव्वाअकराला ते परत आले तेव्हा मोठ्या खांडीवर गुडघाभर पाणी होतं आणि चढतच होतं. ती जागा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. एक जण सायकल खांद्यावर घेऊन पाण्यात शिरला, पाय बाहेरच्या अंगाला घसरला आणि तो नदीकडच्या चिखलात गेला, कंबरेपर्यंत. खाडीचा चिखल धरला की सोडत नाही. हलाल तेवढं आत जाता. तो हलत होता आणि किंचाळत होता, आणि पाणी त्याच्या छातीला लागलं होतं.

‘फली लागंल,’ नाना म्हणाले.

फळ्या होत्या, फक्त उघाडीच्या. मी नानांकडे बघितलं. त्यांनी एकदा शेताकडे बघितलं. फार वेळ नाही, माणूस घराबाहेर पडताना गॅस बंद केला का म्हणून मागे बघतो तेवढंच. मग फावड्याचा दांडा घालून वरची फळी उचकटली, दुसरी उचकटली, तिसरीला मला हात लावायला लावला. पाणी आमच्या पायांमधून धो धो करत आत गेलं. त्या तीन फळ्या घेऊन आम्ही पळालो. नाना फळीवर पोटावर पालथे पडले, सरपटत त्या माणसापर्यंत गेले, त्याच्या काखेत हात घातले. बाकीच्यांनी मागून नानांचे पाय धरून ओढलं. निघाला तो. पाय मोडला होता, पण निघाला.

त्याच्या बरोबरची बाई रडत होती, आणि मग तिच्या रडण्याचा राग झाला. ‘ॲपवर तर सपाट रस्ता म्हणून लिहिलंय!’ ती ओरडली. ‘सकाळी सात लिहिलंय! कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?’

नानांनी चिखलानं भरलेलं तोंड वर केलं. ‘तिथी लिवली हाय ना?’ त्यांनी तिला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही.

मी म्हटलं, ‘नाना, मी नव्हती लिहिली.’

ते फळ्या उचलून उघाडीकडे निघाले. पण भरतीच्या जोरात फळी खाचेत बसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ते बसवत होते. मी धरत होते, पाणी फेकून देत होतं. एक फळी वाहून शेतात गेली. दुपारी ओहोटी लागेपर्यंत उघाडीच्या कुशीतली माती सुटली आणि दहा हात बांध आत कोसळला. भाताची नुसती टोकं वर दिसत होती. नाना बांधावर बसून राहिले. मी शेजारी बसले. शिव्या घाला हो, मी म्हणत होते, काहीतरी बोला. ते म्हणाले, ‘भाकरी हाय का?’ आणि त्यांनी भाकरी खाल्ली.

त्यानंतर महिनाभरात बांधाच्या तोंडाशी पत्र्याचं फाटक लागलं. ‘धोकादायक, प्रवेश बंद.’ कुणी लावलं ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. प्रत्येक खातं दुसऱ्या खात्याचं नाव सांगायचं. फाटकाच्या दोन्ही अंगांना काटेरी तार, एक बाजू थेट पाण्यापर्यंत. उघाडीपाशी पडलेली नवी खांड तशीच उघडी, दर भरतीला पाणी आत-बाहेर. फावडं घेऊन जाऊ दिलं असतं तर नानांनी एकट्यानं भरायला घेतली असती. मी अर्ज लिहिले, चांगल्या मराठीत लिहिले. आम्ही दोघं सायकलनं कचेऱ्यांतून फिरलो. एका साहेबानं भिंतीवरचा नकाशा दाखवून विचारलं, ‘तुमचा बांध आहे कुठं यात?’

नव्हता. नकाशात बांधच नव्हता. मी मूर्खासारखा फोन काढला आणि म्हटलं, हा बघा, इथं आहे.

साहेबांनी चष्मा लावून बघितलं. ‘अहो, हा सायकलचा रस्ता. ह्याच्यामुळेच तर अपघात झाला ना?’

मी ती वाट ॲपवरून त्याच दिवशी काढून टाकली. म्हणजे आता ती कुठेच नाही.

जिना उतरताना नानांनी मला विचारलं, ‘बाय, तुला मी भात दिलं होतं. सालासकट. हाय का गो त्यातलं? मूठभर पन चालंल. बियाला.’

मी सांगितलं, खाल्लं.

‘बरं,’ ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, ‘गोड होतं ना?’

तरी ते जात राहिले. मला त्यांच्या शेजाऱ्यानं सांगितलं, म्हणून एका रविवारी मी मागोमाग गेले. अमावस्या होती. नाना बरोबर भरतीच्या आधी फाटकापाशी पोचले, सायकल लावली, देवळामागच्या खड्ड्यातून एक ढेप उचलली आणि फाटकावरून पलीकडे टाकली. मग थांबून ऐकलं. पलीकडे ती कुठे पडली ते दिसत नव्हतं. मोठी खांड तिथून किती लांब! त्या ढेपेचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. मी पुढे होऊन एक ढेप उचलली आणि फेकली. माझी पत्र्यावर आपटली आणि फुटून अलीकडेच पडली.

‘रऊ दे,’ नाना म्हणाले. ते पहिल्यांदाच मला ढेप टाकू नको म्हणाले होते. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर चिखलाचा हात ठेवला, तोही थोडाच वेळ.

मग पावसाळा आला आणि त्यांचं जाणं थांबलं. गुडघा, असं मुलगा म्हणाला. सायकल जिन्याखाली जिमच्या पाटीमागे उभी होती, फावडं कुणीतरी बांधकामाला नेलं होतं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते नवरात्राच्या आसपास, भरदिवसा. बोनकोड्यात इमारतीच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा सदरा घातलेला, नखं स्वच्छ. त्यांची नखं स्वच्छ मी कधी बघितली नव्हती. मुलांनी छान ठेवलं होतं हो त्यांना, खोटं कशाला बोलू. सून चहा घेऊन आली. मला त्यांनी ओळखलं, ‘सातारकरीन आली’ असं सुनेला सांगितलं, माझ्या वजनाची चौकशी केली. शेताचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. बोलणं संपलं तरी मी बसून होते.

मग मी विचारलं, ‘नाना, आज भरती किती वाजता?’

पंचमी होती. पाचाची पाऊणपट, पावणेचार, आणि नदीत आत चढायला अर्धा तास. मला येत होतं. पण त्यांनी पेरांवर अंगठा फिरवावा आणि सांगावं, एवढंच मला हवं होतं.

नानांनी हात उचललासुद्धा. अंगठा पहिल्या पेरावर टेकला, आणि तिथेच थांबला. मग हात परत मांडीवर ठेवून ते समोरच्या रस्त्याकडे बघू लागले.

‘तुज्या फोनात बग ना, बाय,’ ते म्हणाले.